बसची शंभरी आणि दहा रुपयांचं तिकीट

मुंबईतली पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली. शंभरीच्या निमित्तानं ट्राम, दुमजली गाड्या, १९४७ मध्ये बस चालवणारी बेस्ट मुंबई महापालिकेकडे आली तो दिवस, या सगळ्याची उजळणी होईलच. पण हिशेब मागायला हवा तो गेल्या दशकाचा. याच काळात पालिकेनं गरिबांना शहराच्या काठावर नेऊन बसवलं आणि तिथून कामाला येण्याची गाडीही काढून घेतली.

तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून २०१७ पासून माणसं माहुलच्या इमारतींत पाठवली गेली. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने, रेल्वे स्टेशन लांब. म्हणजे बस हाच आधार. त्याच वर्षी पालिका बेस्टला सांगत होती, आधी काटकसर करा, मग पैसे मागा. जुलै २०१९ मध्ये किमान भाडं ८ रुपयांवरून ५ वर आलं आणि प्रवासी लोटले. माणसांना बस नकोशी झालेली नव्हती, हे तेव्हाच सिद्ध झालं. स्वमालकीच्या ३,३३७ गाड्या राखण्याचा करारही त्याच वर्षीचा. पुढे जुन्या गाड्या भंगारात गेल्या, तेवढ्या नव्या आल्याच नाहीत आणि तो ताफा हजाराच्याही खाली घसरला. भाडेतत्त्वावरच्या गाड्या स्वस्त पडतील म्हणत होते. काही कंत्राटदार मध्येच सोडून गेले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी पगारासाठी संप केला तेव्हा थांब्यांवर रांगा ताटकळल्या. मग ९ मे २०२५ ला किमान भाडं थेट १० रुपये. जाता-येता दोन-दोन बस बदलणाऱ्या घरकामवाल्या बाईचा रोजचा खर्च वीसवरून चाळीस झाला. महिन्याला पाचशेच्या वर जादा. तेवढ्यात मुलाची शिकवणी बसते.

बेस्ट तोट्यात आहे, हे खरंच. पूर्वी विजेच्या नफ्यातून बसचा तोटा भरून निघायचा. तो मार्ग बंद झाला. पण पालिकेच्या ठेवी ८० हजार कोटींच्या घरात असताना २०२५-२६ च्या ७४ हजार कोटींच्या अर्थसंकल्पात बेस्टला मिळाले १ हजार कोटी. त्याच पालिकेनं १३ हजार कोटींहून जास्त खर्चून किनारी रस्ता बांधला. त्यावर टोल नाही, आणि त्याला तोटा असं कुणी म्हणत नाही. मेट्रो आली ना, असंही सांगितलं जातं. मेट्रोचं तिकीटही दहापासूनच सुरू होतं, आणि वस्तीपासून स्टेशनपर्यंत पोचायला बसच लागते. नाहीतर शेअर रिक्षा. आता आगारांच्या जागा विकसित करून पैसा उभा करायची भाषा पुन्हा सुरू आहे. मागच्या खेपेला विकासकांकडची थकबाकी वर्षानुवर्षं वसूल झाली नाही. ती आधी वसूल करा, आणि त्या पैशातून माहुल-मानखुर्दच्या मार्गांवर बेस्टच्या स्वतःच्या गाड्या आणा.