ज्यू व ख्रिस्ती धर्मग्रंथांतील स्वर्ग आणि मरणोत्तर जीवन : ‘स्वर्ग’ या मराठी शब्दाच्या अनुषंगाने एक विवेचन

प्रस्तावना

मृत्यूनंतर मनुष्याचे काय होते, हा प्रश्न नाशिकसारख्या क्षेत्री केवळ तात्त्विक राहत नाही. गोदावरीच्या रामकुंडावर दररोज अस्थिविसर्जन होते, त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळीसारखे विधी होतात, आणि पितृलोक, स्वर्ग, मोक्ष हे शब्द सामान्य माणसाच्याही बोलण्यात सहज येतात. याच शहरात 1854 च्या सुमारास शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत उभी राहिली. एकाच शहरात, एकाच भाषेत, मृत्यूविषयीच्या दोन भिन्न परंपरा अशा शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. दोन्ही परंपरा ‘स्वर्ग’ हाच शब्द वापरतात. मात्र त्यांना अभिप्रेत असलेला अर्थ एकच आहे काय?

तौलनिक धर्म, इतिहास किंवा साहित्य शिकविताना ‘ज्यू व ख्रिस्ती धर्मांत पुण्यवान आत्मा मृत्यूनंतर स्वर्गात जातो’ असे विधान अनेकदा केले जाते. हे विधान सर्वस्वी चुकीचे नाही. पण मूळ ग्रंथांतील विचाराचा तो फार लहान अंश आहे. प्रस्तुत लेखात हिब्रू धर्मग्रंथ व नवा करार यांतील मरणोत्तर जीवनाच्या कल्पनांचा क्रमाने परामर्श घेऊन, त्या मराठीत येताना काय घडले याचे विवेचन केले आहे.

हिब्रू धर्मग्रंथ : आकाश देवाचे, पृथ्वी मानवाची

हिब्रू भाषेतील ‘शामायिम’ या शब्दाचा मूळ अर्थ आकाश असा आहे. उत्पत्तीच्या पहिल्याच वाक्यात देव आकाश व पृथ्वी निर्माण करतो, तेथे हाच शब्द आहे आणि मराठी बायबलनेही तेथे ‘आकाश’ असेच भाषांतर केले आहे. शामायिम हे देवाचे आसन आहे, त्याच्या दूतांचे स्थान आहे. परंतु मृत माणसांचे वसतिस्थान नाही. 115 व्या स्तोत्रात ही विभागणी स्पष्ट आहे : आकाश परमेश्वराचे, पृथ्वी त्याने मानवाला दिलेली, आणि मृत लोक त्याचे स्तवन करीत नाहीत.

मग मृत माणसे कोठे जातात? त्याचे उत्तर ‘शेओल’ हे आहे. मराठी बायबलमध्ये त्यासाठी ‘अधोलोक’ हा शब्द योजलेला आहे. शेओल म्हणजे नरक नव्हे. तेथे शिक्षा नाही, तसे सुखही नाही. सज्जन व दुर्जन दोघेही तेथेच जातात. योसेफ मेला असे समजून शोक करणारा याकोब आपण शोक करीतच शेओलात उतरू असे म्हणतो. उपदेशक या ग्रंथाच्या नवव्या अध्यायानुसार तेथे ना कर्म आहे, ना ज्ञान. शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथात एन-दोर येथील स्त्री मृत शमुवेलाला वर बोलावते, तेव्हा आपली शांती का भंग केली असे तो शौल राजाला विचारतो. छायारूप निःशब्द अस्तित्व, एवढेच शेओलाचे स्वरूप आहे.

या नियमाला दोन ठळक अपवाद आहेत. हनोख देवाबरोबर चालला आणि देवाने त्याला नेले, असा उल्लेख उत्पत्तीच्या पाचव्या अध्यायात येतो. एलीया संदेष्ट्यासमोर अग्निरथ प्रकट झाला आणि तो वावटळीतून वर गेला, ही कथा राजांच्या दुसऱ्या ग्रंथात आहे. या दोघांना मृत्यूच आला नाही. म्हणून मृतांच्या गतीविषयी या कथा काही सांगत नाहीत.

पुनरुत्थान : न्यायाच्या प्रश्नातून आलेली आशा

प्राचीन इस्राएलात चांगल्या जीवनाचे फळ याच जन्मी अपेक्षित होते : दीर्घायुष्य, संतती, भूमी. ईयोबाच्या ग्रंथात या समजुतीला तडा जातो. इ.स.पूर्व 167 ते 164 या काळात अंतियोख चौथा या राजाने ज्यू धर्माचरणावर बंदी घातली, तेव्हा हा प्रश्न तीव्र झाला. नियमशास्त्र पाळले म्हणूनच माणसे मारली जात होती. आज्ञापालनाचे फळ दीर्घायुष्य असेल, तर आज्ञापालनामुळेच तरुणपणी मारल्या गेलेल्यांचा न्याय कधी होणार?

दानीएलाच्या बाराव्या अध्यायातील उत्तर याच काळातील आहे, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. भूमीच्या धुळीत निजलेल्यांपैकी पुष्कळ जण जागे होतील, काही सार्वकालिक जीवनासाठी व काही अप्रतिष्ठेसाठी, असा त्याचा आशय आहे. मक्काबी यांच्या दुसऱ्या ग्रंथात सात भाऊ छळ सोसताना देव आपणांस पुन्हा उठवील असे सांगतात. येथे ‘आत्मा वर जाणे’ ही कल्पना केंद्रस्थानी नाही; शरीर पुन्हा उठणे ही आहे. ज्या शरीराने यातना सोसल्या, त्यालाच न्याय मिळाला पाहिजे, असा हा आग्रह आहे.

पुढे रब्बींच्या परंपरेत ‘ओलाम हाबा’ म्हणजे येणारे जग ही संज्ञा रूढ झाली. मिश्नाच्या सान्हेद्रिन प्रकरणात सर्व इस्राएलाला त्या जगात वाटा आहे असे म्हटले असून, मृतांचे पुनरुत्थान नाकारणाऱ्याला त्यातून वगळले आहे. गेहिन्नोममधील दुर्जनांची शिक्षा बारा महिन्यांची असते, असे मत मिश्नाच्या एदुयोत प्रकरणात नोंदलेले आहे. आईवडिलांसाठी अकरा महिने कद्दीश म्हणण्याच्या प्रथेचा संबंध याच्याशी जोडला जातो. आपले मातापिता पूर्ण शिक्षेस पात्र होते असे सुचवू नये, हा त्यामागील भाव आहे.

नवा करार : वर जाणारा आत्मा की खाली येणारे नगर?

येशूच्या काळी ज्यू समाजात या विषयावर एकमत नव्हते. परूशी पुनरुत्थान मानीत, सदूकी ते नाकारीत. मार्काच्या बाराव्या अध्यायातील वादात येशू परूशांच्या बाजूने उभा राहतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानात ‘स्वर्गाचे राज्य’ हा शब्दप्रयोग वारंवार येतो आणि तो वाचकाला फसवतो. मार्क व लूक बहुधा त्याच ठिकाणी ‘देवाचे राज्य’ असे म्हणतात. देवाचा उल्लेख आदराने टाळण्याच्या ज्यू रीतीनुसार मत्तय ‘स्वर्ग’ हा शब्द योजतो, असे सामान्यतः मानले जाते. त्यामुळे स्वर्गाचे राज्य म्हणजे मृत्यूनंतर जाण्याचे स्थळ नसून देवाची सत्ता होय. ती पृथ्वीवर यावी अशी प्रार्थना येशू शिष्यांना शिकवितो.

मृत्यूनंतर लगेचच्या अवस्थेविषयीही नव्या करारात वचने आहेत. लूकाच्या सोळाव्या अध्यायात दरिद्री लाजर अब्राहामाच्या उराशी विसावतो, तर श्रीमंत मनुष्य यातना भोगतो. क्रूसावरील पश्चात्तापी गुन्हेगाराला येशू ज्या स्थानाचे आश्वासन देतो, त्यासाठी ग्रीकमध्ये ‘पारादेइसोस’ हा शब्द आहे. प्राचीन इराणी भाषेतील कुंपणाने वेढलेल्या बागेच्या शब्दापासून तो आला. फारसी-उर्दूतील ‘फिरदौस’ त्याचाच भाऊबंद होय. मराठी बायबलने येथे ‘स्वर्ग’ न वापरता ‘सुखलोक’ हा शब्द योजला आहे. नरकासाठीचा ‘गेहेन्ना’ हा शब्द यरुशलेमेलगतच्या हिन्नोम खोऱ्याच्या नावावरून आला. तेथे पूर्वी बालकांचे अग्नीत बळी दिले जात, म्हणून यिर्मया संदेष्ट्याने त्या स्थळाचा धिक्कार केला होता.

तथापि नव्या कराराची अंतिम आशा सुखलोकाची नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल बीज व रोप यांचा दृष्टान्त देऊन शरीराच्या पुनरुत्थानाचे प्रतिपादन करतो. प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात माणसे वर जात नाहीत. नवी यरुशलेम नगरी खाली येते. तिची लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी 12,000 स्तादिया, म्हणजे सुमारे 2,200 किलोमीटर आहे; तिला बारा वेशी असून प्रत्येक वेस एकेका मोत्याची आहे. ही मापे बारा या संख्येच्या प्रतीकार्थाने घ्यावयाची आहेत. त्या नगरीत मंदिर नाही, कारण देव स्वतःच माणसांमध्ये वसतो. उत्पत्तीत विभागलेले आकाश आणि पृथ्वी येथे एकत्र येतात.

मराठीतील प्रवास

हा आशय मराठीत आणताना अनुवादकांपुढे शब्दांचा पेच होता. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 मध्ये गोव्यातील रायतूर येथे प्रसिद्ध केलेल्या ‘क्रिस्तपुराण’ या ओवीबद्ध ग्रंथात ‘स्वर्ग’ व ‘वैकुंठ’ हे दोन्ही शब्द येतात. श्रोत्यांच्या परिचित शब्दांतूनच नवा आशय पोहोचविण्याचा तो मार्ग होता. पंडिता रमाबाई यांनी मात्र मूळ हिब्रू व ग्रीकवरून साध्या मराठीत भाषांतर करताना हिंदू तत्त्वज्ञानाचा भार असलेले संस्कृत शब्द टाळण्याचा प्रयत्न केला. 1922 मध्ये त्यांचे निधन झाले आणि केडगावच्या मुक्ती मिशनमधून 1924 मध्ये ते बायबल प्रसिद्ध झाले.

रमाबाईंची सावधगिरी अनाठायी नव्हती. हिंदू परंपरेत स्वर्ग हे पुण्याचे फळ असले तरी ते क्षयशील आहे. पुण्य संपताच जीव मर्त्यलोकी परततो. म्हणून वारकरी संतांच्या लेखी स्वर्ग हे परम ध्येय नाही. उलट ज्यू व ख्रिस्ती विचारात पुनरुत्थित जीवन अंतिम आहे आणि ते पुण्याच्या हिशेबापेक्षा देवाच्या निष्ठेवर व कृपेवर अवलंबून आहे. एकाच शब्दातून दोन भिन्न विश्वरचना ऐकू येतात, हे अध्यापकाने लक्षात घेणे आवश्यक ठरते.

मराठी ही मातृभाषा असलेल्या कोकणातील बेने इस्राएल समाजाचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. या समाजात एलियाहू हन्नाबी, म्हणजेच एलीया संदेष्टा, याच्यावर विशेष श्रद्धा आहे. अलिबागजवळील खंडाळे येथील खडकावरील खूण त्याच्या स्वर्गारोहणाशी जोडली जाते, आणि त्याच्या नावाने पोहे, गूळ, खोबरे व फळे यांचा मलिदा केला जातो. 1948 नंतर समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले, तरी ही प्रथा टिकून आहे. धर्मग्रंथातील मृत्यूविना वर गेलेला अपवादात्मक पुरुष येथे घराघरांत स्मरला जाणारा साहाय्यकर्ता झाला आहे.

नाशिकचा संदर्भही मोलाचा आहे. शरणपूर येथे गुलामगिरीतून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांना शिक्षण दिले जात असे. त्यांपैकी जेकब वेनराइट हा 1873 मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या मृत्युसमयी त्यांच्या तांड्यात होता. आजच्या झांबियातील चितांबो येथे त्यांचे हृदय पुरण्यात आले, तेव्हा दफनविधीचे वाचन त्याने केले. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातील या विधीचा मुख्य पाठ पौलाचा पुनरुत्थानविषयक अध्याय हाच आहे. ज्याचे घर व गाव लहानपणी हिरावले गेले, अशा तरुणाने, गोदाकाठी मिळालेल्या शिक्षणाच्या बळावर, बीज व रोपाच्या त्या आशेशी जोडलेला विधी आफ्रिकेच्या मातीत वाचावा, ही घटना नाशिकच्या इतिहासात नोंद घेण्याजोगी आहे.

समारोप

ज्यू व ख्रिस्ती धर्मग्रंथांत मरणोत्तर जीवनाचे एकच चित्र नाही. शेओलाची निःशब्दता, हुतात्म्यांच्या न्यायासाठी आलेली पुनरुत्थानाची आशा, मृत्यूनंतरचा सुखलोक आणि पृथ्वीवर उतरणारी नवी नगरी असे त्याचे टप्पे आहेत. नवे विचार आले तरी जुने पुसले गेले नाहीत. ते एकाच ग्रंथसंग्रहात शेजारी शेजारी राहिले. ‘स्वर्ग’ हा मराठी शब्द टाळण्याचे कारण नाही. चार शतकांच्या वापराने तो मराठी ख्रिस्ती समाजाचाही झाला आहे. मात्र वर्गात तो उच्चारताना हे स्वर्ग कोणाचे, आणि तेथे जावयाचे आहे की ते येथे यावयाचे आहे, एवढे दोन प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवले, तरी शेजारधर्माच्या आकलनात पुष्कळ भर पडेल.