लाकडातील मुंगळे आणि घरातील ओल

पावसाळा सरला म्हणजे गोव्यातील जुन्या घरांचे लाकडी सज्जे व माडीवरील ओसऱ्या पुन्हा वापरात येतात. अशा वेळी एखादी फळी पायाखाली दबते, फटीतून काळे मुंगळे धावत बाहेर पडतात आणि खाली भुशाचा लहानसा ढीग दिसतो. मुंगळ्यांनी लाकूड खाल्ले, असे गृहस्वामी समजतो, फटीत रॉकेल ओततो व निश्चिंत होतो. मुंगळे काही दिवस दिसत नाहीत. पुढील वर्षी मात्र शेजारची फळीही दबू लागते.

वस्तुतः मुंगळा लाकूड खात नाही. साखर, गूळ, पिकलेली फळे, मेलेले किडे आणि झाडावरील माव्याच्या अंगातून पाझरणारा गोड रस हे त्याचे अन्न होय. मुंगळ्यांच्या ज्या वंशाला शास्त्रात कॅम्पोनोटस असे नाव आहे, त्यातील काही जाती राहण्यासाठी लाकूड कोरतात व कोरलेला भुसा बाहेर आणून टाकतात. आपल्याकडे सर्वत्र दिसणारा मोठा काळा मुंगळा तर बहुधा झाडाच्या बुंध्याशी जमिनीतच बीळ करतो. तेव्हा घराच्या लाकडात मुंगळ्यांनी बिऱ्हाड केले असेल, तर ते लाकूड बहुतेक वेळा आधीच भिजून, बुरशी लागून मऊ झालेले असते. मुंगळा मारला तरी पाणी झिरपतच राहते, आणि लाकडाचा खरा नाश पाणीच करीत असते.

उपाय योजण्यापूर्वी शत्रू कोणता, हे ओळखणे अगत्याचे आहे. वाळवी मात्र लाकूड खाते. ती उजेडात येत नाही. भिंतीवरून, खांबावरून मातीच्या नळ्या बांधीत चढते आणि तिने पोखरलेल्या लाकडात माती सापडते. मुंगळ्यांचे बोगदे आतून स्वच्छ व गुळगुळीत असतात. त्यांच्या भुशात लाकडाच्या बारीक ढलप्यांबरोबर मेलेल्या किड्यांचे पाय, पंख असे अवशेषही आढळतात. पिठासारखी मऊ भुकटी आणि टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसली, तर ते घुणाचे काम. बोट जाईल असे वाटोळे भोक असेल, तर तो काळा भुंगा होय. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखांचे किडे जमतात, त्यांतही भेद करता येतो. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे आणि कंबर जाड असते. मुंगळ्याचे पुढचे पंख मोठे, कंबर बारीक व मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात. शाळेत बहिर्गोल भिंग असल्यास शिक्षकांना हा फरक मुलांना सहज दाखविता येईल.

वाळवी असल्याची खात्री झाली, तर परवानाधारक कीडनियंत्रकाकडे जावे. व्यवसाय म्हणून असे काम करण्यास कीटकनाशक अधिनियम, १९६८ अन्वये परवाना लागतो. पूर्वी गावोगावी सर्रास वापरल्या जाणाऱ्या बी. एच. सी. भुकटीवर भारतात १९९७ पासून बंदी आहे. माळ्यावर तिचा जुना डबा राहिला असेल, तर तो उघडून वापरू नये. मुंगळ्यांसाठी तर एवढ्या जालीम विषाची गरजच नसते.

मुंगळे मुख्यतः रात्री वावरतात. अंधार पडल्यावर विजेरी घेऊन त्यांच्या रांगेचा माग काढावा. रांग जेथे लाकडात शिरते, तेथे पेचकसाच्या मुठीने ठोकून पाहावे. पोकळ आवाज येतो आणि कान लावला असता कधी कधी आतील खसखसही ऐकू येते. मूळ वसाहतीत राणी असते, आणि तिच्या उपवसाहती दूरच्या लाकडातही असू शकतात. त्यामुळे दिसतील तेवढे मुंगळे मारून काम होत नाही. रॉकेल बोगद्यांत खोलवर पोचत नाही, उलट आगीचा धोका तेवढा वाढतो. त्यापेक्षा अर्धा लिटर पाण्यात ५० ग्रॅम साखर व ५ ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून, त्यात भिजविलेला कापूस रांगेच्या वाटेवर ठेवावा. बोरिक पावडर औषधाच्या दुकानात मिळते. कॅरमच्या फळीवर पुष्कळदा टाकतात ती हीच. तिचे प्रमाण वाढविण्याचा मोह टाळावा. मिश्रण तीव्र झाले, तर मुंगळा वाटेतच मरतो. सौम्य असले, तर तो ते वसाहतीत नेऊन तोंडातून इतरांना भरवितो. परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात. त्या काळात त्याच वाटेवर दुसरे औषध फवारू नये. हे पाणी पोटात गेल्यास अपायकारक असल्याने मुले व जनावरे यांच्यापासून ते दूर ठेवावे आणि बाटलीवर ठळक अक्षरांत ‘विष’ असे लिहावे.

यानंतरचे काम अधिक महत्त्वाचे, आणि नेमके तेच टाळले जाते. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही प्रामुख्याने चार महिन्यांत. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण शेकडा २० च्या खाली राहिले, तर कुजविणारी बुरशी त्यात वाढू शकत नाही. म्हणून पाणी कोठून येते, याचा शोध घ्यावा. फुटलेले कौल, गळकी पन्हळ, सज्ज्यावर वर्षानुवर्षे एकाच जागी ठेवलेल्या फुलांच्या कुंड्या, फळ्यांच्या फटींत साचलेला पालापाचोळा ही नेहमीची स्थाने होत. फळीची कापलेली टोके कडांपेक्षा कितीतरी अधिक पाणी शोषतात. रंगारी मात्र वरची बाजू रंगवून टोके कोरी सोडतो! छपराला टेकलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्या छाटाव्या, कारण मुंगळ्यांना तो आयता पूल असतो.

खांबाचे बूड विशेष तपासावे. जुने कारागीर लाकडी खांबाखाली घट्ट काळ्या दगडाचा तळखडा बसवीत. अलीकडे खांब थेट जांभ्या चिऱ्यावर किंवा मातीत उभा केला जातो. चिरा सच्छिद्र असल्याने ओल धरून ठेवतो व ती खांबात चढते. फळी बदलणे सोपे. पण खालची तुळई पोकळ झाली असेल, तर आधी तिला टेकू द्यावा, मग फळ्या काढाव्या आणि तोवर सज्ज्यावर कोणासही जाऊ देऊ नये. शाळा, समाजमंदिरे व जुन्या इमारतींतील कार्यालये यांनी याबाबत हयगय करू नये. नवी फळी सागाच्या किंवा फणसाच्या गाभ्याची असावी. आंब्याचे लाकूड स्वस्त पडले तरी उघड्यावर टिकत नाही. दोन फळ्यांमध्ये पाणी निथळण्यापुरती फट सोडावी. टंकण व बोरिक ॲसिड यांच्या द्रावणाचा हात दिल्यास लाकडाला बुरशी व कीड यांपासून संरक्षण मिळते. मात्र पावसात ते धुऊन जाते. म्हणून छपराखालच्या लाकडालाच ते द्यावे.

तपासणीस मे महिना योग्य. त्या वेळी लाकूड कोरडे असते, सुतार मिळू शकतो आणि कौले चाळण्याच्या कामाबरोबरच वासे व तुळयाही ठोकून पाहता येतात.