नोकरी ठरलेली नसताना परदेशी जायचे तर

शहापूर-मुरबाडच्या आयटीआयमधून फिटर, इलेक्ट्रिशियन होऊन बाहेर पडणाऱ्या मुलांना ‘आधी जा, काम तिथे मिळेल’ असे सांगणारे बरेच भेटतात. आखातात हे चालत नाही. तिथला कामाचा व्हिसा सहसा मालकाच्या नावावरच निघतो. अमिरातीचा नोकरी शोधण्याचा ६०, ९० किंवा १२० दिवसांचा व्हिसा आहे खरा, पण त्यावर काम करता येत नाही. पर्यटक व्हिसावर काम करणे तर बेकायदाच. अशा माणसाला पगार बुडाला तरी दाद मागणे फार कठीण जाते.

जर्मनीने मात्र जून २०२४ पासून ‘चान्सेनकार्टे’ (संधी कार्ड) सुरू केले. नियुक्तिपत्र नसले तरी वर्षभर राहून नोकरी शोधता येते, आठवड्याला २० तास कामही करता येते. अट अशी: मायदेशी सरकारमान्य असलेले किमान दोन वर्षांचे व्यवसाय शिक्षण किंवा पदवी, जर्मन भाषा ए-१ किंवा इंग्रजी बी-२, त्यांच्या गुणपद्धतीत किमान सहा गुण आणि वर्षभराच्या खर्चाची तजवीज. हा खर्च काही लाखांत जातो. त्यासाठी जमीन गहाण टाकू नये, असे मला कळकळीने वाटते.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’ नोंद असते. आखातासह ठरावीक देशांत कामाला जाण्यापूर्वी त्यांना सरकारी मंजुरी लागते. एजंट नोंदणीकृत आहे का, हे सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर फुकट तपासता येते. एजंटचे सेवाशुल्क कायद्याने ३०,००० रुपये आणि जीएसटीपुरतेच. पावती मागून घ्यावी.