कौटुंबिक अत्याचार, मराठी नाटकातील

कुटुंबातील मारहाण, मानसिक छळ व त्यांचे पीडितांवर होणारे दीर्घकालीन परिणाम यांचे मराठी रंगभूमीवरील चित्रण. त्यातील स्थित्यंतर तीन नाटकांतून स्पष्ट होते. राम गणेश गडकरी यांच्या एकच प्याला (१९१९) मध्ये अत्याचाराचे मूळ मद्यपानात आहे. सुधाकराच्या प्रहाराने तान्हे मूल दगावते व सिंधू प्राणांतिक जखमी होते. तरीही पतीला वाचविण्यासाठी ती पोलिसांना खोटी जबानी देते. नाटककाराने हा पातिव्रत्याचा उत्कर्ष म्हणून रंगविला. आज त्यात अत्याचार झाकण्याची चिरपरिचित रीतही जाणवते.

विजय तेंडुलकर यांच्या गिधाडे (प्रयोग १९७०) मध्ये व्यसन दुय्यम ठरते. संपत्तीच्या लोभाने मुलगे बापाला मारहाण करतात, तर भाऊ गरोदर बहिणीचा लाथांनी गर्भपात घडवितात. हिंसा येथे वारशासारखी संक्रमित होते. श्रीराम लागू दिग्दर्शित या नाटकावर परिनिरीक्षण मंडळाने आक्षेप घेतले होते.

तेंडुलकरांच्याच कन्यादान (१९८३) मध्ये समाजवादी नाथ देवळालीकरांची कन्या ज्योती दलित कवी अरुण आठवले याच्याशी विवाह करते. छळ सोसल्यावर ती पित्याला त्याच्याच आदर्शवादी शिकवणुकीचा जाब विचारते आणि पतीकडेच परतते. अरुणच्या क्रौर्यामागे जातीय अवहेलनेचा इतिहास सूचित केलेला आहे. तथापि अत्याचारी पती दलित दाखविल्याबद्दल नाटकावर टीका झाली.

सिंधू व ज्योती या दोघीही अत्याचाऱ्याची साथ सोडत नाहीत. मात्र सिंधूच्या त्यागाने प्रेक्षक हेलावतो, तर ज्योतीच्या निर्णयाने तो निरुत्तर होतो.