धार हाताने लावायची की जिगने? लेथ घेण्याआधी हे ठरवा



सावंतवाडीची लाकडी खेळणी बघून बरेच जण विचारतात, "सर, आपण पण लाकडाचा लेथ टाकू का?" टाका की! पण मशीनआधी धारेचा हिशोब करा. बोथट हत्यार लाकूड कापत नाही, ओरबाडतं. मग पॉलिश पेपर जास्त लागतो, वेळ जास्त जातो, आणि लाटणं तरी खरबरीतच राहतं.

उमरीत मी सुरुवात केली तेव्हा ग्राइंडरवर हातानेच धार लावायचो. हात बसलेला नव्हता. दर वेळी कोन वेगळा यायचा, तो सुधारायला पुन्हा घासायचो. चार महिन्यांत गोल पटाशी अर्धी झाली. लाकडावर नाही, दगडावर झिजली! ते पैसे माझ्या खिशातले होते.

जिग म्हणजे काय?
हत्यार रोज त्याच कोनात धरून ठेवणारा साचा. कोन बदलत नाही, म्हणून लोखंड कमी घासलं जातं आणि नवीन माणूसही लवकर शिकतो. हाताने धार लावायला मात्र मांडामांड लागत नाही. हात बसला की काम झटपट होतं.

मग निवडायचं कसं?

१. रफिंगची पटाशी, तिरकी पटाशी, पार्टिंग, स्क्रॅपर: यांना जिग लागत नाही. ग्राइंडरचा टेकू कोनात पक्का करा (रफिंगला साधारण ४५ अंश) आणि हातानेच लावा.

२. वाटी, फुलदाणीसाठी नखाच्या आकाराची गोल पटाशी: ही एकाच वेळी फिरवावी आणि झुलवावी लागते. इथे जिग घ्याच.

३. दुकानात कामगार बदलत असतील तर जिग. नाहीतर कारागीर गेला की धारही गेली. पटाशी जिगच्या बाहेर किती काढायची, त्या मापाचा लाकडी ठोकळा कापून भिंतीला टांगा.

फुकटातली युक्ती: धारेच्या उतारावर मार्कर फिरवा आणि दगडाला हलकंच टेकवा. शाई सगळीकडून गेली तर कोन बरोबर. फक्त टोकाची किंवा मागची गेली तर कोन बदला.

साधं कार्बन स्टील निळं पडलं की धार मऊ होते, म्हणून ते पाण्यात गार करत चला. हायस्पीड स्टील तापलेलं असताना पाण्यात बुडवू नका, बारीक तडे जाऊ शकतात. आणि चष्मा घातल्याशिवाय ग्राइंडर चालू करायचा नाही.

आधी महिनाभर टेकूवर हात बसवा. वाट्यांच्या ऑर्डरी येऊ लागल्या की मग जिग घ्या.