संस्कृतीच्या माथी खापर

एखाद्या समाजाची मुले शालान्त परीक्षेत मागे पडली की, ‘त्यांच्या घरात विद्येची आवडच नाही’ असे म्हणून मोकळे होण्याचा प्रघात सर्वत्र आहे. हे निदान सोयीचे असते. कारण ते मान्य केले की शाळेला, शासनाला आणि शेजाऱ्यालाही काही करावे लागत नाही. इंग्लंडचा अनुभव मात्र त्याला दुजोरा देत नाही.

लॉर्ड स्वान यांच्या समितीने १९८५ साली तेथील अल्पसंख्याकांच्या शिक्षणाविषयी अहवाल दिला, तेव्हा बांगलादेशी मुले फारच मागे असल्याचे तिला आढळले होते. ही बहुतेक कुटुंबे सिल्हेटकडील खेड्यांतून आलेली, शिवणकामावर वा उपाहारगृहांत राबणारी, दाटीवाटीच्या घरांत राहणारी. त्यांची मोठी वस्ती असलेला पूर्व लंडनमधील टॉवर हॅम्लेट्स विभाग १९९७ साली देशातील १४९ शिक्षणविभागांत अगदी शेवटचा होता. पुढे तेथे निधी वाढविण्यात आला, समर्थ मुख्याध्यापक आले, मुलांची भाषा जाणणारे साहाय्यक वर्गात बसू लागले, पालकांना विश्वासात घेतले गेले. मुलांच्या हजेरीसाठी मशिदीनेही शाळांना साथ दिली. पंधरा-वीस वर्षांत बांगलादेशी मुले सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत देशाच्या सरासरीपुढे गेली. धर्म तोच, घरची भाषा तीच. बदलली होती ती शाळा.

त्याच देशात गरीब गोऱ्या मुलांची पीछेहाट मात्र अशी झाली की, २०२१ साली पार्लमेंटच्या शिक्षण समितीला तिच्यावर स्वतंत्र अहवाल काढावा लागला. बहुसंख्याकांच्या वंशात जन्मल्याचा त्यांना उपयोग झाला नाही.

घरच्या संस्कारांचे मोल आम्ही नाकारीत नाही. मुलाने शिकावे ही आईबापांची जिद्द नसती, तर टॉवर हॅम्लेट्सचे यश पुरे झाले नसते. परंतु जिद्दीला वाट लागते, आणि ती वाट शाळेनेच काढावयाची असते.

गोमंतकीयांना हे नव्याने सांगावयास नको. १९६१ च्या मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या कारकिर्दीत खेडोपाडी शाळा निघाल्या आणि ज्या घरांत कधी पाटी आली नव्हती, तेथील मुले अक्षरे गिरवू लागली. आज परप्रांतीय मजुरांच्या मुलांविषयी ‘त्यांना शिकायचेच नसते’ असे म्हणणारे आपल्यातच आहेत. त्यांनी आधी एवढेच पाहावे की, त्या मुलांना समजेल अशा भाषेत शिकविणारा कोणी वर्गात आहे काय?