तीन पत्ती शिकायची? आधी चिंचोके आणा!

लक्ष्मीपूजन आटोपले, फराळाची ताटे फिरली, की छत्तीसगढमध्ये बऱ्याच घरांत पत्त्यांचा कॅट बाहेर येतो. महाराष्ट्रात उन्हाळ्याच्या सुटीत मेंढीकोट, बदाम सात नाहीतर झब्बू. इथे दिवाळीत तीन पत्ती. दुर्ग-भिलाईतल्या बोरसीसारख्या वस्तीत राहणाऱ्या मराठी घराला दोन्हींची ओळख असते. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. पुढे पोलाद कारखान्यामुळे देशभरातून माणसे भिलाईला आली आणि आपापले सणवार, आपापले खेळ घेऊन आली.

तीन पत्ती ही पोकरची देशी बहीण. इंग्लंडमधल्या ‘ब्रॅग’ या तीन पानांच्या खेळाशी तिचे जवळचे नाते. नवशिक्याला ती अर्ध्या तासात खेळता येते. खरा प्रश्न आहे तो कुठे आणि कशावर शिकायची याचा. माझे उत्तर साधे आहे: घरी, चटई टाकून, आणि पैशांऐवजी चिंचोके घेऊन.

प्रत्येकाला मोजून पन्नास चिंचोके द्या. संपले की त्या रात्रीपुरता खेळ संपला, उधारी नाही. चिंचोके नसतील तर राजमा चालेल. शेंगदाणे मात्र नकोत, डाव संपायच्या आत संपतात.

डाव कसा चालतो?

तीन ते सहा जण बरे. सुरुवातीला प्रत्येकाने मध्ये एक चिंचोका टाकायचा, याला ‘बूट’ म्हणतात. मग पत्ते पिसून प्रत्येकाला तीन-तीन पाने उलटी वाटायची. आपल्या पाळीला तुमच्यापुढे दोन वाटा असतात: पाने न बघता ‘ब्लाइंड’ खेळायचे, किंवा बघून ‘सीन’ व्हायचे. न बघणारा जेवढे टाकेल, त्याच्या निदान दुप्पट बघणाऱ्याने टाकायचे. नको असेल तर पाने खाली ठेवून ‘पॅक’. दोघेच उरले की एकाने पैसे, म्हणजे चिंचोके, भरून ‘शो’ मागायचा.

एक डाव बघू. समजा काकांनी पाने वाटली. मध्ये बुटाचे चार चिंचोके आहेत. पहिली पाळी आजीची. ती न बघता एक टाकते. ताई पाने बघते. राणी, नव्वी, चव्वी, रंग वेगवेगळे. ताई पॅक. धाकट्याला जोर चढलेला, तो न बघता दोन टाकतो. आता काका पाने बघतात: सत्त्यांची जोडी. ते ‘सीन’ झाले म्हणून त्यांना दोनाचे दुप्पट, चार टाकावे लागतात. आजी आता पाने उचलते, तिच्याकडे नुसता राजा आहे, ती पॅक करते. उरले दोघे. धाकटा दोन भरून शो मागतो, त्याची निघतात दश्शी, छक्की, तिर्री. मध्ये जमलेले तेरा चिंचोके काकांचे. धाकट्याचे पाच गेले. एवढ्या एका डावात बूट, ब्लाइंड, सीन, पॅक आणि शो, सगळे झाले.

कोणते पान कोणाला मारते?

सगळ्यात वर ट्रेल, म्हणजे एकाच किमतीची तीन पाने. तीन एक्के सर्वांत मोठे. मग एकाच रंगाची ओळीने तीन पाने, ती प्युअर सिक्वेन्स. मग वेगवेगळ्या रंगांची ओळीतली पाने, म्हणजे सिक्वेन्स. मग कलर: तिन्ही बदाम किंवा तिन्ही इस्पिक, ओळीत नसली तरी चालतील. मग जोडी. काहीच नसेल तर ज्याचे पान मोठे तो जिंकला.

यात एक गंमत आहे, आणि ती कागद-पेन्सिल घेऊन मुलांबरोबर करण्यासारखी आहे. बावन्न पानांतून तीन पाने एकूण २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यांत ट्रेल ५२, प्युअर सिक्वेन्स ४८, सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६, जोडी ३,७४४. उरलेले १६,४४० हात म्हणजे नुसती मोठी-छोटी पाने. नीट बघा: प्युअर सिक्वेन्स ट्रेलपेक्षाही दुर्मीळ, तरी नियमात मान ट्रेलला! तीन एक्के एका हातात दिसले की डोळे जसे मोठे होतात, तसे चौकट पाच-सहा-सात बघून होत नाहीत, हेच कारण असावे.

या आकड्यांतला नवशिक्याने लक्षात ठेवायचा आकडा शेवटचा. चार हातांतले जवळजवळ तीन हात रिकामे येतात. म्हणून शिकण्यातला मोठा भाग म्हणजे पाने खाली ठेवायला शिकणे. जोडी आली म्हणून लगेच हुरळूनही जायचे नाही. सहा जण खेळत असतील तर बाकीच्या पाचांपैकी कोणाकडे तरी जोडी किंवा त्याहून चांगले असण्याची शक्यता सुमारे ७७ टक्के असते. तिर्रीची जोडी सहा जणांत कच्ची आणि दोघांत बरी पक्की.

ब्लाइंड खेळणे मुलांना फार आवडते, आणि त्यात शहाणपणही आहे, कारण निम्म्या खर्चात डावात राहता येते. एक-दोन फेऱ्या ठीक. चौथ्या फेरीलाही पाने न उचलणारा धाडसी नसतो, तो फक्त चिंचोके वाटत असतो.

आता पैशांऐवजी चिंचोक्यांचा आग्रह का, ते सांगते. तीन पत्तीत पाने एकदाच मिळतात. नवे पान येत नाही, कोणाचे पान उघडे दिसत नाही. समोरच्याकडे काय आहे याचा अंदाज करायला एकच गोष्ट हाताशी असते: तो किती टाकतो आहे. म्हणजे या खेळात रक्कम हीच भाषा आहे. ज्याच्याकडे जास्त, तो जास्त मोठ्याने बोलतो आणि चांगली पाने असलेल्यालाही पॅक करायला लावतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला, पण त्याच निकालात ‘फ्लश’, ‘ब्रॅग’ अशा नावांनी ओळखला जाणारा तीन पानांचा खेळ निव्वळ नशिबाचा म्हटला. ‘निव्वळ’ हा शब्द मला थोडा कडक वाटतो, कारण कधी सोडायचे याचे कसब असतेच. पण एका रात्रीपुरते पाहिले तर नशीबच मोठे, हे आकडेच सांगतात.

आणि भिलाईत हे बोलायला वेगळे कारण आहे. ‘महादेव’ या बेटिंग ॲपच्या प्रकरणाने २०२३ मध्ये या शहराचे नाव देशभर गाजले. ज्यांच्यावर ते चालवल्याचा आरोप आहे ते इथलेच. ईडीच्या म्हणण्यानुसार तिथे क्रिकेटबरोबर पोकर आणि पत्त्यांच्या खेळांवरही पैसे लावले जात. त्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने महादेवसह २२ बेकायदा बेटिंग ॲप आणि संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश काढला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदाच केला: पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, चालवायला बंदी, आणि त्यांची जाहिरात करायलाही.

तरी फोनवर ‘फुकट चिप्स’वाले खेळ दिसतात. पैसे लावायचे नसतील तर त्यांना बंदी नाही, पण शिकण्यासाठी मला ते कमकुवत वाटतात. चिप्स संपल्या की पुन्हा मिळतात, त्यामुळे पॅक करायची सवय लागत नाही. चटईवर पन्नासाचे सात उरलेले दिसतात, तेव्हा हात आपोआप थांबतो. आणि कोणी लिंक पाठवून पैसे भरायला सांगितले तर ते घरात मोठ्यांना सांगायचे, हे मुलांशी बोलायला चटईसारखी जागा नाही.

खेळायला बसण्यापूर्वी दोन-तीन गोष्टी ठरवून घ्या, नाहीतर रात्री अकराला भांडण ठरलेले. एक्का-राजा-राणी सर्वांत मोठी सिक्वेन्स, हे बहुतेक सगळे मानतात. पण एक्का-दुर्री-तिर्री काही घरांत दुसऱ्या नंबरवर, काही घरांत तळाला. न बघणाऱ्याकडे बघणाऱ्याने शो मागायचा की नाही, यावरही घराघरांत मतभेद. सारखीच पाने निघाली तर सहसा शो मागणारा हरतो. आणि एका वेळी जास्तीत जास्त किती टाकायचे ती मर्यादा. आठ चिंचोके पुरे.

चार-पाच रात्रींनी हात बसला की टेक्सास होल्डमकडे वळा, जगभर पोकर म्हणून जो जास्त खेळला जातो तो. त्यात दोन पाने आपली आणि पाच पाने मध्ये टप्प्याटप्प्याने उघडी, सगळ्यांची मिळून. तिथे अंदाज करायला बरेच काही दिसते. फक्त एक ध्यानात असू द्या: पाच पानांत कलर सिक्वेन्सपेक्षा दुर्मीळ असतो, म्हणून तिथे कलर सिक्वेन्सला मारतो, आपल्या तीन पत्तीच्या बरोबर उलट. आणि चिंचोके माणशी शंभर घ्या, चार फेऱ्यांत पन्नास पुरत नाहीत.